अमावस्येची दुपार

अप्पा : मग तो झेंडा फडफडला कसा? चंद्रावर वारा नाही म्हणतेस ना?

वाणी : फडफडला नाही, अप्पा. वरच्या काठात आडवी दांडी होती. रोवताना हलला, तेवढंच.

अप्पा : आणि तारे? त्या फोटोंत एक तरी तारा दाखव.

वाणी : आपल्या नुंगंबाक्कमच्या गच्चीवरून तरी कुठं दिसतात? म्हणून नुंगंबाक्कम खोटं का?

अप्पा : अडडे! बोलणं ऐक गे हिचं, विशालाक्षी. इथं मेट्रोसाठी खणलेला रस्ता बुजवता येईना, आणि हे तेव्हाच चंद्रावर फिरून आले म्हणे.

आई : मला मध्ये ओढू नका. सार उतू जाईल.

वाणी : कोण पाठवतं हे व्हिडिओ तुम्हाला?

अप्पा : कोणी नाही. मीच शोधतो.

वाणी : तुम्ही? रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर डबे तपासलेत. एक नट सैल दिसला तर डबा परत पाठवायचात.

अप्पा : तेच तर. तपासल्याशिवाय पास करू नये.

वाणी : तपासलंय जगानं. तिथले दगड आणलेत.

अप्पा : बरं, धरू, गेले. काय दिसलं त्यांना?

वाणी : धूळ. खड्डे. दगड.

अप्पा : आणखी?

वाणी : आणखी काय असणार? तिथं कोणी नाही, अप्पा. काहीच नाही.

अप्पा : असं म्हणू नये गे.

वाणी : का?

अप्पा : कार्तिक असता तर माझ्या बाजूनं भांडला असता.

वाणी : त्याला यात आणू नका.

अप्पा : कशातच आणायचं नाही का? भाऊ होता तुझा. सिरुसेरीच्या ऑफिसातून येताना गाडी घसरून तो गेला, तेव्हापासून तू त्याचं नाव घेणं टाकलंस. या घरात ते मी एकटाच घेतो.

वाणी : मी निघते. उशीर होतोय.

अप्पा : एकदा म्हण, वाणी. कोणी गेलं नसेल, एवढंच म्हण. म्हाताऱ्या बापासाठी.

वाणी : खोटं कसं म्हणू?

अप्पा : माझ्यासाठीसुद्धा नाही?

वाणी : तुमच्यासाठीसुद्धा नाही.

अप्पा : सरी, राहू दे. उद्या अमावस्या. तर्पणाचे तीळ संपलेत, सकाळी येताना घेऊन ये. काळे.

(पुढची अमावस्या. अप्पांचं पहिलं मासिक श्राद्ध आटोपून राममूर्ती नुकताच गेला आहे.)

आई : चल, जेवून घे. राममूर्तीनं चुलत असून पोटच्या मुलासारखं केलं सगळं. ह्यांचं नाव घेतलं, तुझ्या आजोबांचं, पणजोबांचं. कार्तिकचं तेवढं राहिलं.

वाणी : त्याचं कसं घेणार? बापानंसुद्धा मुलाला अमावस्येचं पाणी द्यायचं नसतं ना?

आई : नसतं. हे द्यायचे. वाध्यार भटजी रागवायचे. हे मान खाली घालून ऐकायचे, आणि ते जिना उतरले की एक ओंजळ आणखी सोडायचे. दर अमावस्येला.

वाणी : मला कधी बोलले नाहीत.

आई : तू त्याचा विषय काढू देत होतीस?

वाणी : नाही.

आई : शेवटच्या दिवशी मात्र राहिलं. स्नान करून आले, आणि पाटावर बसता बसताच कोसळले.

वाणी : आई, हे अमावस्येलाच का देतात?

आई : पितर चंद्राच्या पलीकडच्या अंगाला राहतात. आपल्याला न दिसणाऱ्या. आपली अमावस्या ती त्यांची दुपार, जेवायची वेळ. ह्यांच्या आजीनं सांगितलेलं. कार्तिक गेल्यावर म्हणायचे, तो तिकडे पानावर बसलाय असं वाटलं की माझ्याही घशाखाली घास उतरतो.

वाणी : म्हणून ते व्हिडिओ?

आई : मग काय गे! माणसं तिथं जाऊन आली, कोणी नाही म्हणाली, तर पोराला वाढायचं कुठं? मला म्हणायचे, वाणी खूप वाचते, ती एकदा म्हणाली की मी निश्चिंत.

वाणी : हे सांगायचं होतं मला.

आई : हसशील म्हणायचे.

वाणी : हसले असते.

आई : कुठं चाललीस? पान वाढलंय. गच्चीवरून आज काही दिसायचं नाही.

वाणी : माहीत आहे. येते मी, दोन मिनिटं.

आई : बरं. दार लोटू नकोस.

वाणी : (गच्चीवर, एकटीच) अप्पा, ते गेले होते. ते खोटं नाही सांगणार. पण उतरले ते सगळे अलीकडच्या बाजूला, आपल्याला दिसते त्या. तुम्ही आहात तिथं अजून एकाही माणसानं पाऊल ठेवलेलं नाही. आणि तिकडे आत्ता खरंच दुपार आहे, अप्पा. कार्तिकलाही बसवा जेवायला.