कापलेला खोकला

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य महादेवरावजी, मंचावरील पाहुणे, सत्कारमूर्ती गिरिधरजी भोयर, त्यांची लेक मोनाली, सहकारी प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

भौतिकशास्त्राची विभागप्रमुख म्हणून दोन शब्द बोलण्याचा मान मला दिलात. मान कसला, शिक्षाच आहे. पण ते ओघानं येईल.

गिरिधरजी एकतीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तीन वर्षांपूर्वी विज्ञान दिनासाठी त्यांनी आवाजांची एक मांडणी केली. अंधाऱ्या खोलीत बारा स्पीकर. मध्ये उभं राहिलं की रामटेकजवळच्या त्यांच्या गावातलं धान रोवणीपासून भरडाईपर्यंत चहूबाजूंनी ऐकू यायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी माइक धरायच्या त्यांच्या पत्नी कौसल्याबाई. बावीस वर्षं राइस मिलच्या धुळीत राबलेल्या. त्यामुळे चिखलातल्या पावलांत, बेडकांत, गडावरच्या घंटेत, सगळीकडे त्यांचा खोकला. मधूनच, "झालं का जी? माहा हात दुखून राह्यला."

आता आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांची सवय काय? दहा रीडिंग घ्यायची, ओळीत बसत नाही ते खोडायचं. मी ऐकलं आणि म्हणाले, "गिरिधरजी, हा नॉइज काढा."

ते म्हणाले, "मॅडम, घरची आहे ते."

"कळतं हो मला. पण लोक धान ऐकायला येणार ना?"

त्यांनी खोकला कापला, बोलणंही कापलं. वर प्रॅक्टिकलला मेमरी कार्ड हवीत म्हणून मूळ रेकॉर्डिंगही मीच पुसायला लावलं. मांडणीला पहिलं बक्षीस मिळालं. ती ट्रॉफी माझ्या केबिनमध्ये आहे.

गेल्या दिवाळीआधी कौसल्याबाई गेल्या. तेरवी आटोपून गिरिधरजी कामावर आले, टेबलं पुसली आणि मला विचारलं, "मॅडम, कापलेलं कुठी जाते?"

ऊर्जा नष्ट होत नाही, असं मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले. त्या दिवशी म्हणाले, "डिलीट झालं, गिरिधरजी." ते "बरं" म्हणाले आणि लंबक टांगायला गेले. मोनाली सांगते, घरी आईचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. रोज समोर बोलणाऱ्या माणसाचा आवाज जपून ठेवायला हवा, हे कुणाला सुचतं?

आज त्यांनी शाल-श्रीफळ नको म्हटलं. मांडणी एकदा लावा, एवढंच मागितलं. नीट ऐका. जिथे कापलंय तिथे आवाज किंचित अडखळतो. एक्केचाळीस ठिकाणी. त्यांनी मोजलंय. त्यांना आता तेवढंच ऐकायचं आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. बाकी जे चुकलं, त्याची माफी या सभागृहाकडे मागण्यासारखी नाही. ती मी गिरिधरजींकडे मागते आहे, सगळ्यांसमोर.

आता दिवे बंद होतील. ऐकताना कुणाला खोकला आला, तर कृपया दाबून धरू नका.