आधी लगन, मंग झडप

— हसू नका जी, दुकानाची पाटी मीच लिहिली हाय. काई चुकलं असन तं माफी द्या, आठवीतून शाळा सुटली माझी. बोलनंही असंच साधं हाय, तुमच्यासारखं पुस्तकी नाई येत. बसा ना. खुर्ची पुसून देतो — घुग्घुसात धूळ पुसून काय होते म्हना, कोळशाचा एक ट्रक गेला का जशीच्या तशी. पंक्चर नाई भाऊ, ट्यूबच फाटली तुमची. नवीन चंद्रपूरवरून येईन, गाडी सकाळी भेटन. पन मले एक सांगा — मघाशी समोरच्या पानठेल्यावर श्रीहरीले काय इचारत होते? माझ्या दुकानाकडं हात करून? ... पंक्चरचं दुकान कोनतं, हे? असन. येवढं इचाराले अख्खा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून होईस्तोवर उभे होते?

राग नाई जी. पोरीकडचे मानसं असेच येते. आमच्या इकडं पोराची चौकशी पानठेल्यावरच होते — पेते का, जुगार खेळते का, कामाले जाते का. तुमी पोंभुर्ण्याचे तं नाई ना? देवाजीभाऊले वळखत नाई? माझे होनारे सासरे. नाई वळखत? मंग हँडलले पोंभुर्ण्याच्या कापड दुकानाची पिशवी कायची? नाव छापलं हाय तिच्यावर, तेवढं वाचता येते मले. बरं, आलेच हाय तं नीट पाहून घ्या. दारू पेत नाई. खर्राही सोडला. आजारी? आजाराचं कोन बोललं? मी तं नावही नाई काढलं! हे पाहा, ट्रकचं चाक एकटा उचलतो मी — हे असं — असं —

... काई नाई. बसा. उन्हानं चक्कर येते. तुमी उठले काऊन? अन छातीकडं काऊन पाहून राह्यले? श्रीहरीनंच सांगतलं ना? त्याच्या तोंडात खर्रा टिकते, गोष्ट नाई टिकत.

माहीतच हाय तं पुरं ऐका, अर्धं नेऊन सांगान तं नासाडी होईन. खदानीत ठेकेदाराकडं कामाले लागत होतो, तवा मेडिकल झाली. डॉक्टरनं छातीले नळी लावली अन हटवेच ना. आतून घर्र आवाज येते म्हने. मंग काळजाचा इको काढला, मशीनीवर. काळजातून रक्त ज्या दारानं अंगात जाते, तिथी एक झडप राह्यते, तीन पाकळ्यांची. माझ्या जन्मापासून दोनच. अन त्याही आता कडक झाल्या, पुऱ्या उघडत नाई. अंगठ्याएवढं दार पायजे, ते पेन्सिलीएवढं राह्यलं. जोर लावला का रक्त पुढं सरकत नाई अन डोळ्यापुढं अंधार. शाळेत धावताना असाच पडलतो — सर म्हनले, राजदीप नाटक करते. पोरं हसले. मंग मी गेलोच नाई. छाती चिरून नवी झडप बसवा लागते. सरकारी योजनेत फुकट होते, पैशाचं अडलं नाई. मंग कायचं अडलं? मायचं. माय म्हनते, छातीवर येवढा लांब टाका पाहून कोन पोरगी देईन? आधी लगन, मंग झडप. डॉक्टर म्हनते लांबवू नको, चालता चालता जाशीन. अन इकडं विहारात लगनाची तारीख ठरली हाय.

हर्षा नाव तिचं. फोनवर ती बोलते, मी नुसतं हूं म्हनतो — लाज वाटते मले. परवा तिनं इचारलं, तुमी असे दमल्यावानी काऊन बोलता? मी म्हनलो, धूळ हाय. ... लगन झालं अन मंग मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलोच नाई, तं त्या पोरीनं काय करावं? आधी सांगतलं तं नाई म्हनन. पन आता माझ्या हातात काय हाय? तुमी जाऊन सांगनारच, त्याच्यासाठीच तं — काय? बिस्किटाचे सेल्समन? कार्ड दाखवा. ... बाप्पा. खरं हाय, का मले बनवून राह्यले? कार्ड तं कोनीही छापते. जा भाऊ तुमी. गाडी इथीच राहू द्या. अन श्रीहरीकडं थांबू नका.

*

आले? हे घ्या चाबी. चाक शेजारच्या उमाजीनं चढवलं, मी नाई. तुमी बिस्किटवाले का पोरीकडचे, आता इचारत नाई. सकाळी उठलो अन फोन लावला — हर्षालेच. तुमच्या आधी पोचलं पायजे ना, तुमचा काय भरोसा! सारं सांगतलं, मेडिकलपासून. मी म्हनलो, ऐकून राह्यली ना? म्हने, हो. मंग तिनंच इचारलं, तारीख कवाची भेटते? मी म्हनलो, लगनाची तं ठरली हाय. म्हने, ते नाई, ऑपरेशनची. बाबाले मीच सांगीन म्हने. आता देवाजीभाऊ काय म्हनतीन, ते नाई माहीत. माय घरात भांडे आपटून राह्यली. मी चाललो चंद्रपूरले, तारीख घ्याले. — पाहत काऊन उभे राह्यले? इकडं या, येवढं शटर ओढा खाली. मले जोर नाई लावाचा. ... हां. झालं. जा आता.