मागे घ्यायचा पेपर

आई : छापून आलेला संशोधनाचा पेपर मागे कसा घेणार तुम्ही?

मॅडम : पत्र लिहून कळवायचं, ताई, की त्यातला निष्कर्ष चुकला होता. बाहेरून कळण्याआधी तुम्हाला सांगावं, म्हणून आलो.

आई : माझ्या पोराला जाऊन वर्ष नाही झालं, आणि तुम्हाला आत्ता त्याची चूक सापडली?

मॅडम : मला नाही, हिला. ही माझी विद्यार्थिनी. त्याचं अर्धवट काम हीच पुढे नेतेय.

आई : त्याच्या जागेवर बसतेस होय गं?

विद्यार्थिनी : हो, काकू.

आई : मग सांग, काय चुकलं त्याचं. मला कळेल असं सांग.

विद्यार्थिनी : यीस्टच्या एका पेशीच्या दोन होतात ना, तेव्हा आत बारीक तंतूंचा स्पिंडल तयार होतो. दोन टोकांकडून तंतू येतात, मधे भिडतात. तिथे काही प्रोटीनं त्यांना बांधून धरतात. तो जोड सुटला, की गुणसूत्रांची वाटणी फसते. पेशी मरते.

आई : हे सांगायचा तो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवायचा. ताटातलं गार होऊन जायचं.

विद्यार्थिनी : त्याने एक प्रोटीन काढलं, स्पिंडल तुटला. म्हणून लिहिलं, जोड धरणारं ते हेच. पण त्याच्या यीस्टमध्ये आणखी एक जीन आधीच बिघडलेला होता. तो मी दुरुस्त केला. आता ते प्रोटीन नसलं तरी काही तुटत नाही.

आई : लबाडी केली म्हणतेस?

विद्यार्थिनी : नाही हो, काकू! जे दिसलं तेच लिहिलं त्याने.

मॅडम : ते यीस्ट मीच दिलं होतं त्याला. न तपासता. पत्रात तसं लिहिलंय मी.

आई : गप्प बसला असतात, तर कुणाचं काय अडलं असतं? यीस्टच ना ते!

मॅडम : तीन ठिकाणी लोक त्यावर पुढचं काम करतायत. त्यांची वर्षं फुकट जातील.

आई : आणि त्याची गेली ती? माझ्याकडे त्याचं एवढं एकच होतं हो.

(मॅडम ते पत्र आणि आणखी एक कागद आईपुढे ठेवतात.)

आई : त्याला कळलं असतं तर?

मॅडम : दोन दिवस कुणाशी बोलला नसता. तिसऱ्या दिवशी स्वतःच पत्र आणून ठेवलं असतं माझ्यापुढे.

आई : हं. तसाच होता. ...हा दुसरा कागद कसला?

मॅडम : त्याच्या वतीने घरच्यांची संमती लागते. आज नको असेल तर राहू दे, ताई.

आई : आज काय नि उद्या काय. पेन दे गं. कुठे?

विद्यार्थिनी : इथे सही. आणि त्याखाली नातं.

आई : ‘आई’ असंच लिहायचं ना अजून?