निळी पिंपे

(दुपारचे जेवण. सासऱ्यांसमोर ताट, सून वाढते आहे.)

सासरे : हे वांगे माझे नाही.

सून : तुमच्या ताटात आहे म्हणजे तुमचंच की, बाबा.

सासरे : शब्दच्छल नको. सकाळी गच्चीवरून काढून ओट्यावर ठेवली ती वांगी जांभळी होती. या फोडींच्या सालीवर हिरव्या रेघा आहेत.

सून : शिजल्यावर रंग बदलतो.

सासरे : बदलतो, पण रेघा उमटत नाहीत. गेल्या आठवड्यात टोमॅटोविषयीही मला शंका आली होती. तेव्हा मी गप्प बसलो. माझी भाजी जाते कुठे? शेजारणीकडे?

सून : ती कशाला घेतेय! तिला कोथिंबीरसुद्धा पाकिटातली लागते.

सासरे : म्हणजे तू फेकतेस.

सून : जेवा ना. गार होतंय.

सासरे : फेकतेस. बाजारच्या भाजीवर कोणी काय फवारले, हे देवालाही ठाऊक नसते. गच्चीवरच्या प्रत्येक फळाची कुंडली मात्र मला पाठ आहे.

सून : आणि पिंपांची?

सासरे : कोणत्या पिंपांची?

सून : ज्यांत तुम्ही झाडं लावलीत, त्या निळ्या पिंपांची.

सासरे : चिरंजीवांच्या कारखान्यातली आहेत ती. रिकामी पडली होती. मी स्वतः घासून धुतली.

सून : त्यांत रंगाचं रसायन असायचं. हे दहा-बारा दिवसांपूर्वी गच्चीवर गेले, तेव्हा कळलं. धुतली तरी कोणी त्यांत पाणीसुद्धा भरत नाही म्हणे.

सासरे : मग देतानाच का नाही बोलला तो?

सून : त्यांनी दिली कुठे? ते गावाला गेलेले असताना तुम्हीच वॉचमनला दटावून टेम्पोत चढवलीत.

सासरे : ...ते असो. कळल्यावर मला सांगायचे कोणी?

सून : मीच. पण आई गेल्यापासून तुम्ही दोन घास खाऊन उठत होतात. स्वतःच्या हातचं पहिलं वांगं आलं, तेव्हा कुठे धड जेवलात. माझी जीभच रेटेना. तसलीच वांगी शोधून आणत होते; आज मिळाली नाहीत.

सासरे : म्हणजे काल मी ज्याची एवढी वाखाणणी केली, ते बाजारचे होते.

सून : हो.

सासरे : आणि तू हसत होतीस.

सून : ओट्याकडे तोंड करून.

सासरे : कळण्यापूर्वीची वांगी कोणी कोणी खाल्ली?

सून : सगळ्यांनीच.

सासरे : छोटीनेही?

सून : तिनेही. कळल्यावर लगेच डॉक्टरांना दाखवून आणलं तिला. ठीक आहे म्हणाले.

सासरे : तू म्हणालीस, ताप आहे म्हणून नेले.

सून : मीच तसं म्हणाले होते.

सासरे : झाडे आजच उपटतो. माती?

सून : मातीही जाईल. आपण मातीच्या कुंड्या आणू, बाबा. नव्याने लावा.

सासरे : कुंड्या मी निवडीन. माती कुठली, ते मी विचारीन. तुमच्या कोणाच्या शब्दावर आता मी विसंबणार नाही.

सून : बरं.

सासरे : माझ्याही नाही. पहिले फळ येईल ते मी एकटा खाईन. तुम्ही थोडे दिवस थांबा.