उलटी आलेली गाडी

दुष्काळाच्या साली वाशीच्या दवाखान्यात बसलेली हरणाबाई शेजारच्या बाकावरच्या दोघांचं बोलणं ऐकत होती.

"बब्रुवान, बायकोला कळा सुटल्या अन् गाडी वेशीबाहेरच बंद?"

"बंद न्हाय, पिराजीमामा! इंजन बोंबलतंय, गाडी हलंना. सोसायटीच्या चेअरमनची जुनी विलायती मोटार ती, क्लचच न्हाय, गिअर आपोआप पडतो. वाकून बघतो तर दगड लागून गिअरचं तेल गळालेलं!"

"मग?"

"भोकाला साबण दाबला, सोसायटीतनं ट्रॅक्टरचं तेल आणून ओतलं. पण गिअरातल्या पुढं जायच्या प्लेटाच जळालेल्या. मागं मात्र पळती की!"

"म्हंजी?"

"उलटीच आणली, इथवर!"

"अरं देवा! पोरगी लई भ्याली आसंल."

"न्हाय मामा! म्हणाली, 'तोंड गावाकडंच हाय, लांबवर आपलं घर दिसतंय, मला धीर येतोय.'"

आतून बाळ रडलं. बब्रुवान जागीच थिजला. हरणाबाईनंच त्याला दाराकडं ढकललं.

"जा की, बाप झालास!"