बाबांचा एकच प्रश्न

बाबांनी मले माझ्या कामाबद्दल एकदाच विचारलं, अन् मी काय उत्तर दिलं ते ऐका. कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या दिग्रसची सरकी काढायची जिनिंग मिल बंद पडली होती अन् तिथं फिटर असलेले बाबा घरीच बसून होते. म्हणून ते मले भेटायले, मी पीएचडी करत होती त्या पुण्याच्या प्रयोगशाळेत आले.

मी बाबाले सूक्ष्मदर्शकातून उंदराच्या गर्भातल्या मूळपेशी दाखवल्या.

"याच्यात काय पाहून राह्यली तू?"

"जनुकं बंद कशी होतात ते. एका जागी एक प्रथिन येऊन बसते अन् बाजूले बंदची खूण करते. ती खूण पाहून अजून प्रथिनं येतात. असं करत करत जनुकांचा अख्खा पट्टा बंद होते."

बाबांनी विचार केला. "पण पहिलं प्रथिन त्याच जागी काहून बसते?"

बाजूले पुण्याच्या मैत्रिणी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बाबांच्या बोलीची मले लाज वाटून राह्यली होती. मी म्हटलं, "बाबा, ते तुम्हाले नाही समजणार."

"बरं," म्हणाले अन् बाहेर जाऊन बसले.

पुढं माझ्या कामाचा आढावा घ्यायले आलेल्या परीक्षकांनी मले पहिला प्रश्न बाबांचाच विचारला. मी तो वहीत लिहून घेतला. मग दोन वर्षं त्याच्यावरच काम केलं. थोडंफार उत्तर सापडलं, तेव्हा बाबाले फोन लावला.

"बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर भेटलं. सांगू?"

"राहू दे बाई," बाबा शांतपणे म्हणाले. "तू जेवली का?"