इंग्रजी काय माशांशी बोलू?

आइसलँडमधल्या इसाफ्योर्दुर गावच्या गरम पाण्याच्या तलावात हालवेग डोळे मिटून बसली होती. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

"गुन्वोर, त्या परदेशी कंपनीनं मालिकेत तुला इंग्रजीत बोलायला सांगितलं होतं म्हणे?"

"हो ना! म्हटलं, मी कोळीण झालेय, इंग्रजी काय माशांशी बोलू? मी आइसलँडिकच बोलणार, नाहीतर दुसरी शोधा."

"मग?"

"शोधली, मिळाली नाही! आता ब्राझीलमधले लोकसुद्धा मालिकेतली माझी शिवी देतात."

"आणि तुझी नात? ती तर परदेशी मालिका बघून घरातही इंग्रजीच झाडते."

"काल तिनं त्याच शिवीचा अर्थ विचारला. इंग्रजीत."

"सांगितलास?"

"छट्! म्हटलं, आधी आपल्या भाषेत विचार."

"मग?"

"अडखळली गं, पण विचारलाच!"